संजीवनीच्या डब्यातली रोजमेरी

सासऱ्याच्या हातातली बादली अडवणारी सून वरकुटे गावात कुणी पाहिली नव्हती. संजीवनीनं अडवली. आणि तीही एवढ्याशा झाडापायी.

जळोचीला दिलेल्या बहिणीनं तिला रोजमेरीच्या तीन फांद्या दिल्या होत्या. केसांच्या तेलात घालतात म्हणे. संजीवनीनं त्या कुंड्यांत लावून जिवापाड जपल्या, त्यांना मुळ्या फुटल्या. पण सासरे हिंदुराव, म्हणजे आबा, पडले उसाचे बागायतदार. त्यांच्या लेखी झाड म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे भरपूर. रोज सकाळी ते कुंड्यांत बादली रिकामी करायचे. एक झाड काळं पडलं, दुसऱ्याच्या मुळ्या कुजल्या. "पाणी कमी पडलं," म्हणत त्यांनी तिसऱ्याचं आणखी वाढवलं. आता काय बोलावं या माणसाला.

संजीवनीनं ते तिसरं झाड गुपचूप उपटलं. तेलाच्या डब्याला तळाशी भोकं पाडली, मुरूम आणि वाळू मिसळून त्यात ते लावलं आणि डबा गच्चीवर भर उन्हात ठेवला. चार दिवसांनी कालव्याला पाणी सुटलं. उसाचं भिजवणं उरकून परतताना आबांना गच्चीवरचा डबा दिसला, तसे ते बादली घेऊन जिना चढले. संजीवनी डब्यापुढं उभी राहिली.

"ह्याला पाणी न्हाय द्यायचं, आबा."

"माझ्या घरात झाड तहानलेलं ऱ्हानार न्हाय. सरक."

"न्हाय सरकत."

खालून नवरा, रविराज, म्हणाला, "अगं, झाडापायी आबांच्या तोंडाला कशाला लागतीस? घालू दे की."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सात वर्षं ह्या घरात आमटीत मीठ किती, हेसुद्धा तिनं विचारून घातलं होतं.

"ऊस तुमचा, गाई तुमच्या, घर तुमचं. ह्यो एक डबा माझा हाय."

आबांनी मातीत बोट खुपसलं. "कोरडी ठाक हाय. मरंल की गं."

"मेलं तर माझ्या हातानं मरंल. तुमच्या न्हाय."

आबांनी भरली बादली तशीच उचलली. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटत खाली उतरले. दोन दिवस सुनेशी बोलले नाहीत. तिनंही बोलायची घाई केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून आवाज आला. पाणी कधी लावायचं हे उभ्या जन्मात कुणाला न विचारलेले आबा विचारत होते, "संजीवनी, आज द्यायचं का गं त्याला?"

तिनं गच्चीवर डब्यातल्या मातीत सावकाश बोट खुपसून पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "उद्या विचारा."