पंचफुलाची कंबर आणि मी

मी करंटची मशीन बोलतेय. मुठीत मावेन एवढी, चार वायरी, चार चिकटपट्ट्या. आणि मी भयंकर चिडलेय.

वाशीमजवळच्या एका भाजीच्या मळ्यात मी राहते. तिथल्या पंचफुलाची कंबर धरली, स्नायू दगडासारखे आखडले, तेव्हा नवरा माणिकराव तिला शहरात फिजिओथेरपीच्या तनुजाताईंकडे घेऊन गेला. ताईंनी मला त्यांच्या हाती दिलं.

"वीस मिनिटं लावा. मुंग्या आल्यासारखं वाटेल, दुखणं कमी होईल. मग व्यायाम. आणि काका, सध्या यांना वजन अजिबात उचलू देऊ नका."

माणिकरावने त्यातलं 'वीस मिनिटं' एवढंच ऐकलं.

पहिल्याच दिवशी पंचफुलाचा डोळा लागला. किती महिन्यांनी, कोण जाणे! मला धन्य वाटलं. तेवढ्यात माणिकरावची हाक आली, "झाले ना व वीस मिनिटं? वांग्याचे क्रेट उचल, ऑटो थांबून राह्यला!"

मग रोज तेच. मी दुखणं उतरवायचं, त्याने ओझं चढवायचं. पुढे तर मला लुगड्याआड कमरेला खोचूनच ती क्रेट उचलू लागली. तो चारचौघांत ऐटीत सांगायचा, "मशीन घेऊन देली ना तिले!"

गेल्या महिन्यात ती ऑटोपाशीच खाली बसली. "अवो, पायाचे बोटं समजून नाई राह्यले मले."

त्याने काय करावं? माझं बटण फिरवून करंट वाढवला! ती कळवळली. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना शहरात नेऊन त्याने मला ताईंच्या टेबलावर आदळलं. "खराब निघाली तुमची मशीन."

ताई बोलायच्या आधी पंचफुलाच बोलली. "मशीन चांगली हाय. ते मले बरी करून राह्यली, तुमी मले कामाले जुंपून राह्यले. आता मी क्रेटले हात लावनार नाई."

ताईंनी तिला लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नस दबली होती. आता ती पडून असते. दुखणं ओसरलंय, पण उजव्या पायाचा अंगठा अजून हलत नाही. क्रेट माणिकराव उचलतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, "माये लय हाल हायेत!"

लोकहो, घरातली बाई दुखतंय म्हणाली, तर माझ्या बटणाकडे हात नेऊ नका. आधी तिच्या हातातलं खाली उतरवून घ्या.