दोन तोंडांचं टेबल

अंतर्गत सजावट शिकवणाऱ्या वैष्णवसरांनी वर्गाला बजावलं होतं: जिथं काम चालतं तिथं आधी जाऊन बसा, हात कुठं जातो, नजर कुठं अडते ते बघा, आणि मगच वरचा थर कशाचा ते ठरवा. झंखनानं यातलं पहिलं सोयीस्करपणे गाळलं. तिला काळं मॅट लॅमिनेट आवडून बसलं होतं. आता त्याच्यासाठी गिऱ्हाईक तेवढं शोधायचं होतं.

सापडला जसुमामा. अहमदाबादच्या कापडबाजारात त्याची पेढी. पांढरी गादी, पांढरा तक्क्या आणि वर मांडी घालून पांढराच जसुमामा.

"मामा, गुडघे दुखतात ना तुमचे? टेबल करून देते. फुकट."

फुकट म्हटल्यावर जसुमामाचे गुडघे खरंच दुखायला लागले.

टेबल आलं. त्याच्यावर बोटाचे डाग उठत नव्हते की ट्यूबलाइट चमकत नव्हती. मामानं त्यावर आपली मलमल पसरली आणि जुने गिऱ्हाईक लाभुभाई वाकून बघायला लागले. खालचं काळं टेबल वर डोकावत होतं. धागे भांडण झाल्यासारखे एकमेकांपासून लांब लांब बसले होते.

"जसुभाई, ही मलमल आहे की मच्छरदाणी?"

लाभुभाई चहा न पिता उठले. समोर आलेला चहा टाकून अहमदाबादेत कुणी उठत नाही, यावरून काय ते समजा.

"माझे आई," मामा संध्याकाळी म्हणाला, "आजोबांपासून आम्ही पांढऱ्यावर दाखवतोय. पांढऱ्यावर पांढरं दाट दिसतं. तू एका दुपारी घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. उचल ते."

सोमवारी सर झंखनाचं काम पेढीवरच तपासायला येणार होते. टेबल वापरात दिसलं नाही, तर नापास आणि अख्खं सत्र पुन्हा. ती पहिल्यांदाच गादीच्या कोपऱ्यात नुसती बसून राहिली. एक दलाल मामाला माल दाखवून गेला, तशी ती हळूच म्हणाली, "मामा, यानंपण पांढऱ्यावरच पसरलं की."

मामाचा खाखरा तोंडापाशीच थांबला.

सोमवारपर्यंत टेबलाची फळी उलटी करता येत होती. एक बाजू काळी, ती माल घ्यायला. दुसरी पांढरी, ती विकायला. दलालांचे चेहरे पडले आणि मामा भाचीला स्वतःच्या हातानं गाठिये वाढायला लागला.

सर आले तेव्हा अर्थातच पांढरी बाजू वर होती. मलमल बघून ते खूश झाले. "कुर्त्याला छान आहे. काढा." मामानं कात्री घेतली. तेवढ्यात सर भाचीकडे वळले. "पण झंखना, पांढरं टेबल कुठलाही सुतार करून देईल. यात तुझं डोकं कुठंय?"

सरांच्या मागून मामा भुवयांनी विनवत होता. गप्प बसावं तर नापास, बोलावं तर मामाचं गिऱ्हाईक गेलं. तिला मामाची खरंच दया आली. पण सत्राची जास्त आली.

"मामा, माफ करा," म्हणत तिनं मलमल उचलली, फळी फिरवली आणि तीच मलमल काळ्यावर अंथरली.

सरांनी चष्मा पुसून पाहिलं, मग पोट धरून हसले. "पास आहेस तू. कात्री मात्र ठेवा, जसुभाई."

जसुमामाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यानं कपाटातून दुसरा तागा काढून काळ्यावर पसरला. खालचा काळा कणभर दिसेना. "ही घरच्यांसाठी ठेवतो, सर. महाग आहे. पण तुमच्यासारख्या जाणकारापुढं लपवायचं काय?"

सरांनी स्वतःला घेतली, वर सासऱ्यांनाही घेतली.

ते गेल्यावर झंखना मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभी राहिली. मामा काळ्या फळीवरून प्रेमानं हात फिरवत होता.

"चूक झालीच तुझी," तो म्हणाला. "फळी उलटणार आहेस हे आधी सांगायचं. याच्याहून महागाचा तागा वर काढून ठेवला असता."