प्रलंबित गाडी

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं फाइली हाकणाऱ्या भालचंद्र रेग्यांनी निवृत्तीला वर्ष उरलं असताना ऑनलाइन एक जुनी गाडी घेतली, तेव्हा आर. के. पुरममधल्या त्यांच्या ब्लॉकला आठवडाभर विषय पुरला. गाडी साडेचौदा वर्षांची, पेट्रोलवरची आणि बंद. दिल्लीत पेट्रोल गाडीचं आयुष्य पंधरा वर्षांचं, पुढे भंगार. म्हणजे जिचे दिवस भरत आलेत अशी गाडी ह्या गृहस्थाने अडतीस हजार मोजून घेतली, आणि तीही फोटो बघून. फोटोत ती बरी दिसत होती, कारण फोटो डाव्या बाजूने काढला होता. फरीदाबादहून ती क्रेनला लटकत आली तेव्हा उजवी बाजूही सगळ्यांनी पाहून घेतली.

"प्रोजेक्ट आहे," रेगे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "स्वतःच्या हाताने दुरुस्त करणार."

अरुणाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे ऐकून आत निघून जात. ह्या माणसाच्या हाताने आजवर घरातला एक बल्बसुद्धा बदलला गेला नव्हता.

खरी गोम वेगळीच होती. मुलगा मानस गुडगावला एका कंपनीत नोकरीला होता आणि तीन मित्रांबरोबर फ्लॅट घेऊन राहत होता. मेट्रोने यायचं तर तासाभराचा रस्ता. पण गेल्या वर्षात तो घरी आला चार वेळा, त्यातही एकदा आधार कार्ड न्यायला. कॉलेजात असल्यापासून त्याला गाड्यांचं वेड होतं. तेव्हा घरासमोर मोडकी गाडी उभी केली की पोरगं रविवारी येईल, असा हा अडतीस हजारांचा डाव. पोराची आठवण येते हे त्याला तोंडाने सांगायचं, तर एक पैसाही पडला नसता. पण बोलावायला कारण लागतं, अशी रेग्यांची पक्की समजूत होती.

डाव लागू पडला. पहिल्याच रविवारी मानस आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "बाबा, यार, हे काय उचलून आणलंत?" मग त्याने बाह्या सरसावल्या. दुपारपर्यंत त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले. त्याने पाच थालीपिठं खाल्ली आणि बाहेरच्या खोलीत फरशीवरच झोपून गेला. रेगे दिवसभर हातातली बॅटरी पेटवून उजेड दाखवत उभे होते. इतके खूश होते की भर उन्हात बॅटरी कशाला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या रविवारी गाडी चालू झाली. वरच्या मजल्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या, अरुणाबाईंनी शिरा केला. रेग्यांचा चेहरा मात्र पडला.

"आता पुढच्या रविवारी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. झालं की. मस्त चालवा आता," मानस म्हणाला आणि हात धुवायला गेला.

रेग्यांना गाडी चालवता येत नव्हती हा भाग अलाहिदा. पण चौतीस वर्षांत एक विद्या त्यांनी चांगली कमावली होती. फाइल कधी नाकारायची नसते आणि मंजूरही करायची नसते. तिच्यावर एक शंका काढून ती परत पाठवायची. उत्तर आलं की दुसरी शंका. अशाने फाइल मरत नाही आणि संपतही नाही. सोमवारी संध्याकाळी त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला, बॉनेट उघडलं, प्लगची एक वायर हलकेच ओढून ठेवली आणि मानसला फोन लावला. "अरे, चालू केली की ती धक्के देतेय."

पुढच्या रविवारी वायर निघाली, त्याच्या पुढच्या रविवारी एक फ्यूज. रेग्यांचा हात बसत चालला. मेकॅनिकने गाडी सुधारावी तितक्या सफाईने ते ती बिघडवू लागले. एकदा त्यांनी पेट्रोल पंपाचा रिले, काड्यापेटीएवढा काळा ठोकळा, उपटला आणि देवघराच्या खणात लपवला. वाती काढताना तो अरुणाबाईंच्या हाती लागला.

"हा देवाला वाहिलाय का?" त्यांनी विचारलं.

"असू दे तिथेच. मानसला सांगू नकोस."

अरुणाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, ठोकळ्याकडे बघितलं आणि खण लावून टाकला. आपला नवरा वेडा आहे हे त्यांना ठाऊकच होतं. पोरासाठी वेडा आहे हे मात्र त्या दिवशी कळलं, आणि त्यांना त्याचा राग यायचा तो आलाच नाही. त्या रविवारी त्यांनी भाजणी जास्त भिजवली.

मानस मात्र कंटाळत चालला होता. दहाला येणारा तो बाराला येऊ लागला आणि तीनला निघू लागला. "बाबा, हिच्यात काही दम नाही. दर वेळी नवीन फॉल्ट," तो म्हणायचा. त्यावर रेगे घाईघाईने सांगायचे, "नाही रे, तुझ्याच हाताला दाद देते ती."

अकराव्या रविवारनंतरच्या बुधवारी मानसचा फोन आला. "बाबा, तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, सांगा जरा." रेगे असे की बँकेच्या मॅनेजरने समोर बसून मागितला असता तरी त्यांनी ओटीपी सांगितला नसता. वाचल्याशिवाय ते दूधवाल्याच्या वहीवरही सही करत नसत. पण मुलाने आपणहून फोन केला होता, त्याला आपल्याकडून काहीतरी हवं होतं. आनंदाच्या भरात त्यांनी सहाही आकडे दोनदा सांगितले.

रविवारी सकाळी रेगे बॅटरी घेऊन व्हरांड्यात उभे असताना मानसऐवजी एक ट्रक आला. त्यातून दोन माणसं उतरली. "स्क्रॅप का पिकअप है, साहब. रेगे जी के नाम से बुकिंग है," त्यातला एक म्हणाला आणि दुसऱ्याने साखळी लावायला घेतली. रेग्यांनी मानसला फोन लावला.

"हां बाबा, आले का ते लोक? परफेक्ट," मानस म्हणाला. "तीन महिन्यांनी ती तशीही भंगारातच जाणार होती. म्हटलं, तुमच्या डोक्याचा ताप कशाला वाढवायचा."

"अरे, पण मला विचारायचंस तरी."

"ओटीपी तुम्हीच दिलात ना! चलो, आता रविवारी तुम्ही पण फ्री, मी पण फ्री."

गाडी गेली. रेगे बॅटरी घेऊन आत आले. आपल्याच हाताने आपण मंजुरी दिली, ह्याची त्यांना आयुष्यात प्रथमच लाज वाटली.

पुढे दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या शनिवारी रेगे म्हणाले, "आपला गीझर जरा कमी तापतो, नाही?"

"गीझर ठणठणीत आहे, त्याला हात लावाल तर खबरदार," अरुणाबाई म्हणाल्या. "फोन करा आणि नुसतं ये म्हणा. पोटचा पोरगा आहे तो, त्याला कसली कारणं सांगता?"

रेग्यांनी फोन लावला. "मानस, उद्या येतोस?"

"का, काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग काम काय आहे?"

"काम काही नाही. तू यावंस असं वाटतंय, म्हणून म्हटलं." एवढं बोलताना त्यांना घाम फुटला.

मानस अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अच्छा. बघतो ना, बाबा."

समोर अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या कितीतरी माणसांना रेग्यांनी हाच शब्द ह्याच मऊ आवाजात सांगितला होता, आणि ती माणसं जिना उतरायच्या आत त्यांचे कागद खालच्या कप्प्यात सरकवले होते.

"काय म्हणाला?" अरुणाबाईंनी विचारलं.

"बघतो म्हणाला."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" अरुणाबाईंचा चेहरा उजळला आणि त्या भाजणीचा डबा काढायला उठल्या. रेग्यांनी त्यांना थांबवलं नाही.