मुका व्हिडिओ आणि नादबाबा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो मोबाइल छातीशी धरून नादबाबांच्या पडद्याकडे डोळे लावून बसला होता. गेलेल्या माणसाचा व्हिडिओ मोबाइलवर मुका लागत असेल, तर बाबा त्याला वाचा देत. मोबाइल पडद्याआड जाई, पाच मिनिटांनी बाहेर येई आणि गेलेला माणूस चारचौघांत खणखणीत बोलू लागे. लोक हसत, रडत, एकमेकांच्या गळ्यात पडत.

कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणचाचणी करणारी आत्याही रांगेत उभी होती. गेल्याच आठवड्यात इथे तिच्या वहिनीच्या मोबाइलवर तिचा गेलेला भाऊ बोलला होता. तेव्हा नणंद-भावजय दोघी ढसाढसा रडल्या. पण बाबांनी वर पुस्ती जोडली, "लेकीला परगावी नोकरीला धाडू नका. ती गेली, की हा आवाजही गेला." घरी येताच वहिनीने लेकीची भरलेली बॅग रिकामी केली.

आत्याच्या डोक्यात किडा वळवळला तो एका सिनेमामुळे. वहिनीच्या मोबाइलवर एक मारधाडीचा सिनेमा कित्येक महिने मुका पडून होता. तोही आता बोलत होता.

"वहिनी, बाबांनी या दरोडेखोराच्या आत्म्यालाही शांती दिली वाटतं."

"थट्टा करू नका हो," वहिनी म्हणाली. पण तीही जरा गोंधळलीच.

आत्याने व्हिडिओ प्लेयरची सेटिंग उघडली. तिथे बाहेरून टाकलेली एक नवी फाइल होती. दवाखान्यातला कॉम्प्युटरवाला ती बघून खो खो हसला आणि त्याने सगळं समजावलं. मग दोघांनी मिळून एक व्हिडिओ बनवला.

तोच मुका व्हिडिओ आज आत्याने बाबांपुढे धरला. "हे माझे यजमान," एवढंच ती म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. "फार गुणी जीव. शेवटी पाण्यासाठी तळमळला बिचारा." मोबाइल पडद्याआड गेला, परत आला. बाबांनी तो माइकला लावला.

"नमस्कार मंडळी," यजमान मोबाइलमधून म्हणाले. "माझी तब्येत उत्तम आहे. मी मागे दाराशी उभा आहे."

सगळ्या माना गर्रकन वळल्या. दारातल्या यजमानांनी हात हलवला. "पाणी आत्ताच प्यायलो," ते म्हणाले, आणि सभागृहात असा हशा पिकला, की पडदा धरणाऱ्या शिष्यालाही हसू आवरेना.

हशा ओसरल्यावर आत्याने दुसरा मोबाइल घेतला, त्यावर तोच व्हिडिओ मुका लावून दाखवला. मग सगळ्यांसमोर प्लेयरमध्ये ती फाइल टाकली. यजमान पुन्हा बोलू लागले.

"याला कोडेक म्हणतात," ती म्हणाली. "आवाज व्हिडिओत असतोच. तो ज्या पद्धतीने साठवलेला असतो, ती काही मोबाइलना वाचता येत नाही. ही फाइल ते वाचून देते. कुणाचा आत्मा रुसलेला नसतो. तुमच्या माणसाचा आवाज तुमचाच आहे, त्यासाठी कुणाचं ऐकावं लागत नाही. पडदा दिसला, की आधी तो बाजूला करून बघा."

बाबा पडद्यामागच्या दाराने कधी सटकले, कळलंच नाही. लोक आत्याभोवती मोबाइल घेऊन जमले.

आत्याबरोबर आलेल्या वहिनीने तिथूनच लेकीला फोन लावला. "बॅग परत भर," ती म्हणाली, "आणि निघण्याआधी ती फाइल कशी टाकायची, ते मला शिकव."