फ्रेडी विचारायचा

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं. सर्व्हरच्या रॅकच्या कामात गुळमुळीत बोलून चालतही नाही. डिस्क ठासून भरलेला स्टोरेजचा एकेक डबा शंभर किलोचा. तो रुळांवरून पुढे ओढला की अख्खा रॅकच पुढे झुकायला बघतो. म्हणून आधी रॅकच्या पुढ्यात आधाराचे लोखंडी पाय लावायचे, मगच डब्याला हात घालायचा.

वसईचा फ्रेडी नऊ वर्षं माझ्याबरोबर होता. वरचा डबा ओढायला तो शिडीवर चढला की त्याला खालचं दिसायचं नाही. मग दरवेळी विचारायचा, "इरावती मॅडम, पाय?" मी वाकून बघायचे आणि "आहेत" म्हणायचे. कितीदा त्याच्यावर खेकसले असेन, अरे बाबा, आत्ताच लावले ना आपण! तो हसायचा आणि पुढच्या डब्याला पुन्हा विचारायचा.

आठ महिन्यांपूर्वी इथं आखातात, मीना सलमान बंदरावर, एका गोदामाच्या सर्व्हर रूममध्ये काम होतं. गुरुवार होता, पुढे शुक्रवार-शनिवारची सुट्टी. तिथला सेफ्टीवाला दुपारच्या नमाजाला गेला की थेट रविवारी उगवतो. त्यामुळे आम्ही सगळेच चेकलिस्ट सकाळच्या चहाबरोबर भरून टाकायचो, काम मागाहून. मीही सगळीकडे टिक करून सही घेतली. नंतर फ्रेडीनं शिडीवरून विचारलं तेव्हा मी फोनवर होते. कागदावरची टिक डोक्यात पक्की बसलेली. वाकलेच नाही. आहेत रे, ओढ, म्हणाले. पाय खोक्यातच होते.

रॅक त्याच्या अंगावर आला. तो वाचला नाही.

टेक्निशियननं खात्री करून घेतली नाही, असं रिपोर्टात आलं. त्याखाली मी सही केली. हो, केली. नोकरी जाईल, व्हिसा जाईल, म्हणून भेदरले होते, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

तेव्हापासून तो विचारतो. फ्रिज उघडताना, गाडीचं दार लावताना, अगदी मानेमागून. आवाजात राग नसतो. नेहमीसारखाच विचारतो, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

काल त्याच खोलीत नवा रॅक बसवायचा होता. बरोबर जमालुद्दीन होता, आझमगडचा, तीन आठवड्यांपूर्वी आलेला. फ्रेडीचं नावसुद्धा त्याच्या कानावर गेलेलं नाही. पाय मी स्वतः लावले, चारदा हलवून पाहिले. जमालुद्दीन शिडीवर चढला, डब्याला हात घातला आणि थांबला. वळून मागे बघायला लागला. मागे नुसती भिंत.

"मॅडम, ये 'पाय' क्या होता है? अभी किसी ने पूछा."

खलास, आज काम बंद, एवढंच त्याला सांगितलं आणि तशीच गाडी काढून बुदैयाला फ्रेडीच्या बायकोकडे गेले.

मॅगी सामान बांधत होती. दुसऱ्या दिवशी ती कायमची वसईला जाणार होती. मला बघून तिनं पुन्हा तेच सुरू केलं. घरात हा माणूस गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचा, आणि तिथंच नेमका कसा बेफिकीर झाला? आमचा विचार नाही आला त्याच्या मनात?

"त्यानं विचारलं होतं, मॅगी," मी म्हणाले. "मी न बघता हो म्हणाले. पाय लावलेच नव्हते."

हातातले कपडे टाकून ती माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"आठ महिने मी त्याच्याशी भांडतेय," ती म्हणाली. "त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये एक मिस्सासुद्धा सांगितला नाही मी. रागानं."

मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी तिथंच बॅगेवर कागद ठेवून सगळं खरं लिहिलं, खाली सही केली आणि तिच्या हातात दिलं. ते न वाचताच ती आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. बाहेर उभी राहून मी ऐकत होते. ती फ्रेडीची माफी मागत होती.