सव्वीस अंश

लेकीने जेवणाचे ताट बाजूला सारून त्या जागी नकाशा पसरला, तेव्हा निवृत्त निरीक्षक तिसऱ्यांदा उठून खिडकीची कडी तपासून आले. कडी लागलेलीच होती.

"बाबा, बसा हो एका जागी. पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?"

"तावदान वाजतंय."

"वादळ अजून तीनशे किलोमीटर लांब आहे. तावदान तुमच्या मनात वाजतंय."

ती वेधशाळेत वादळांचे अंदाज लिहीत असे. आजचा अंदाज चार वाजता जायचा होता. खाडीत शिरताना वादळ ओसरेल असे तिने लिहिले, तर खालच्या वस्तीतली चार हजार माणसे घरातच राहणार होती; जोर धरेल असे लिहिले, तर ती सगळी हलवावी लागणार होती. तीन दिवसांच्या दाट ढगांमुळे उपग्रहाला पाणी दिसत नव्हते आणि खाडीत तरंगणारे मोजयंत्र सोमवारपासून मुके होते. उरली होती फक्त वडिलांची नोंदवही. निरीक्षकाच्या नोकरीत एकतीस वर्षे रोज सकाळी आठ वाजता त्यांनी धक्क्यावरून बादली सोडून पाण्याचे तापमान मोजले होते.

"साहेब मला म्हणतात, जगभरचे समुद्र तापले, मग तुमची खाडीच काय आकाशातून पडली?" ती हसली. "मी म्हटलं, हे वादळ तापमानवाढीनंच जन्माला घातलं, असं मी म्हणत नाही. वादळं पूर्वीही व्हायची. पण गरम पाणी म्हणजे त्याच्या चुलीतलं सरपण. पूर्वी मूठभर मिळायचं, आता मोळ्या मिळतात. आपल्या खाडीत मात्र सरपणच नाही. एकतीस वर्षांत या महिन्यात एकदाही पाणी सव्वीसच्या वर गेलेलं नाही. माझ्या वडिलांचं अक्षर आहे, काळ्या दगडावरची रेघ."

निरीक्षकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

नोकरीच्या बाराव्या वर्षी याच महिन्यात त्यांनी सत्तावीस पूर्णांक नऊ असा आकडा लिहिला होता. तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्याने तो लाल पेन्सिलीने खोडला आणि भरल्या कचेरीत विचारले होते, "निरीक्षक, समुद्र मोजलात की चहा?" तेव्हापासून आकडा वर गेला की दोष उन्हात राहिलेल्या बादलीचा, असे मानून ते मागच्या वर्षीचा आकडा पाहून लिहू लागले. आधी ती दुरुस्ती होती, मग सवय झाली. शेवटी शेवटी तर बादली वर येण्यापूर्वीच आकडा ठरलेला असे.

"तुझा अंदाज गेला का?" त्यांनी विचारले.

"लिहून ठेवलाय. गेल्या वर्षी उगाच माणसं हलवली म्हणून किती शिव्या खाल्ल्या, आठवतंय ना? यंदा तुमच्या वहीनं वाचवलं."

ते उठले. स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेल्या कॅनव्हासच्या बादलीतले कांदे त्यांनी सरळ जमिनीवर ओतले, आणि खणातून फडक्यात गुंडाळलेला तापमापक काढला.

"चल."

"अहो, कुठे? तीन वाजलेत!"

"म्हणूनच."

धक्क्यावर नावाडी आपली होडी दुहेरी दोरांनी बांधत होता. बादली पाहून तो ओरडला, "काय निरीक्षकसाहेब, समुद्राला ताप आलाय की काय?"

एरवी त्यांनी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. आज त्यांनी मुकाट्याने दोर सोडला, भरलेली बादली वर ओढली, तापमापक आत धरला आणि मनातल्या मनात तीन मिनिटे मोजली. मग नळीकडे न पाहता त्यांनी लेकीला जवळ बोलावले.

तिने वाकून पाहिले. पुन्हा पाहिले.

"एकोणतीस पूर्णांक सहा." तिचा आवाज उतरला. "बादली तापली असेल, बाबा."

"ऊन कुठाय?"

तिने वर पाहिले. तीन दिवसांचे ढग जागचे हलले नव्हते.

"तुमच्या वेळी... असे आकडे यायचे?"

"पहिला त्यांनी खोडला," निरीक्षक म्हणाले. "पुढचे मीच लिहिले नाहीत."

दोराचे पाणी तिच्या चपलांवर ठिबकत राहिले. मग तिने फोन काढून कचेरीचा क्रमांक लावला. पलीकडे घंटा वाजत असताना तिने वडिलांकडे न पाहताच विचारले,

"काय सांगू त्यांना?"

"दिसतंय ते."

पलीकडून आवाज आला तसे निरीक्षकांनी बादलीतले पाणी ओतून दिले आणि दोर पुन्हा हाताशी घेतला. एका मोजणीवर विसंबू नये, हा नियम नोकरीच्या पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर त्यांनीच लिहिला होता.