खांबापाशी संपणारी वाट

पुलाखालच्या पडीक तुकड्याची बाग करायचं काम माझ्याकडे होतं. माझा नेम साधा: लोक मुळात जिथून चालतात, तिथेच पायवाट बांधायची. इथे कुलूपबंद कुंपणाआड, गवतात एक मळलेली वाट होती. पण ती फाटकापासून निघून थेट पुलाच्या खांबापाशी संपत होती.

"खांबात कोण मरायला जातं?" मी वैतागले.

गवंडीमामा म्हणाले, "बाई, नसत्या फंदात पडू नका. वाट वळवून घ्या."

मी हट्टाला पेटले आणि संध्याकाळी खांबापर्यंत सरळ सिमेंट ओतून घेतलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. सिमेंटमध्ये अनवाणी पावलं रुतली होती. खांबाकडे जाणारं एकही नव्हतं. सगळी तिथून बाहेर आली होती.